कांद्याचा रस, सासूबाईंचं तेल आणि मोरीच्या जाळीवरचे केस

सांगली जिल्ह्यातल्या ३१ वर्षांच्या एका वाचक मैत्रिणीचं मोठं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश देते.

पहिलं बाळंतपण होऊन सहा महिने झाले. बाळाला तिसरा महिना लागला तेव्हा त्यांचे केस गळायला लागले, ते अजून थांबलेले नाहीत. न्हायल्यावर मोरीच्या जाळीवर पुंजका साचतो, कपाळाच्या दोन्ही बाजू विरळ दिसायला लागल्या आहेत. लग्नाआधी पार्लरमध्ये केस स्मूदनिंग करून घेतले होते, त्याचीच ही फळं आहेत असं त्यांच्या मनानं घेतलं आहे. म्हणून त्यांनी शांपू बंद केला आणि यापुढे केसांना फक्त घरचं, नैसर्गिकच लावायचं असं ठरवलं. आठवड्यातून दोनदा कांद्याचा रस, रविवारी अंडं-मेथीचा लेप, कोंडा दिसायला लागल्यापासून दह्यात पिळलेलं लिंबू. शिवाय सासूबाई जास्वंद, माका आणि भीमसेनी कापूर घालून तेल कढवतात, ते रोज रात्री. आता डोक्याची आग होते, खाज सुटते आणि कोंडा वाढलाय. नवरा म्हणतो, "डॉक्टरला दाखव." सासूबाई म्हणतात, "आमच्या वेळी कुठं होतं हे असलं? शांपूनंच वाट लावली." डॉक्टरकडे गेलं तर पुन्हा 'केमिकल'च्या चक्रात अडकू आणि सासूबाईही दुखावतील, अशी त्यांना भीती आहे. एकीकडे भिशीतल्या दोघी-तिघी हे तेल विकत मागताहेत. "घरगुती उपायांना गुण यायला वेळ लागतो म्हणतात. मी आणखी किती वाट बघू, की माझंच काही चुकतंय?" असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रिय मैत्रीण,

तुमच्या पत्रात केसांबद्दल दोन पानं आहेत आणि त्यांच्या मधोमध एक अर्धं वाक्य आहे: "जिना चढताना दम लागतो, पण ते जागरणामुळे असेल." असेलही. पण मला केसांपेक्षा या वाक्यानं जास्त अस्वस्थ केलं. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं होतं. बाळंतपणात रक्त जातं, पुढे अंगावर पाजणं सुरू असतं, जेवण वेळेवर होत नाही. त्यात बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात काही जणींच्या थायरॉइडचंही बिनसतं, आणि थकवा काय, केस गळणं काय, ते सगळं 'बाळ लहान आहे ना' या नावाखाली खपून जातं. तेव्हा हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे शरीरात साठलेलं लोह, आणि थायरॉइडसाठी टीएसएच या तपासण्या करून घ्या. तुमच्या प्रसूतीच्या डॉक्टरांकडेच जा, केसांचा विषयही काढू नका वाटल्यास. दम लागतो म्हणून जायचं आहे. त्यात कोणाचं तेल कमी ठरत नाही आणि कोणी दुखावण्याचाही प्रश्न येत नाही.

आता केसांकडे येऊ.

तुम्ही धरून चालला आहात की हे गळणं म्हणजे शिक्षा आहे. स्मूदनिंगचं पाप, शांपूचं पाप. पण तुम्हीच दिलेल्या तारखा बघा. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यातले बहुतेक वाढत असतात आणि दहाएक टक्के विसावलेले असतात. विसावलेला केस दोन-तीन महिन्यांनी गळतो आणि त्याच जागी नवा येतो. त्यामुळे एरवीही दिवसाला ५० ते १०० केस जातातच. गरोदरपणात संप्रेरकांची पातळी अशी असते की विसाव्याला जायचे तेही केस वाढीतच थांबून राहतात. सातव्या-आठव्या महिन्यात केस दाट झाले होते, असं तुम्हीच लिहिलंय. बाळंतपण झालं की ती पातळी एकदम खाली येते, थांबून राहिलेले सगळे केस एकदमच विसाव्याला जातात आणि मग दोन ते चार महिन्यांनी एकदमच गळतात. म्हणजे तिसऱ्या महिन्यात सुरुवात होणं हे अगदी वेळापत्रकाला धरून झालं. कपाळाच्या बाजू विरळ होणं हेसुद्धा यात नेहमी दिसतं. बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत बहुतेक जणींचे केस पूर्ववत होतात.

स्मूदनिंगचा यात हात आहे का, हे घरच्या घरी बघता येईल. गळालेला केस उजेडात, पांढऱ्या कागदावर धरा. एका टोकाला बारीक पांढरा ठिपका दिसला तर तो मुळापासून, आपली पाळी संपवून गळालेला केस. ठिपका नसेल, लांबी अर्धवट असेल, टोक दुभंगलेलं असेल तर तो मधेच तुटलेला. पार्लरमधली उष्णता आणि औषधं केस तोडतात ती अशी. पण तो भाग एव्हाना कितीतरी खाली उतरला असेल, कारण केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. मुळाशी आज जो केस येतोय त्याला तुमच्या लग्नाआधीचं पार्लर ठाऊकच नाही.

म्हणजे तुमचे केस परत येण्याची शक्यता खूप मोठी आहे, आणि ते येतील तेव्हा तुम्ही जे काही लावत असाल त्यालाच शाबासकी मिळेल. नवव्या महिन्यात कांद्याचा रस चालू असला तर तुम्ही शपथेवर सांगाल की कांद्यानं केस आले. तुमची जाऊ त्या वेळी तांदळाचं पाणी लावत असेल तर ती तांदळाच्या पाण्याची शपथ घेईल. दोघीही खोटं बोलत नसतील. घरगुती उपायांची निम्मी कीर्ती अशीच तयार झाली आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि महागड्या 'हेअर ग्रोथ सीरम'ची तर त्याहून जास्त. बाळंतपण, टायफॉइड, डेंग्यू, मोठं ऑपरेशन, उपासमारीचं डाएट, या सगळ्यांनंतरचं केस गळणं बहुधा आपोआप थांबणारं असतं. जे आपोआप थांबतं त्यावर प्रत्येक औषध लागू पडतं!

कांद्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण तुम्ही 'संशोधन झालंय' असं लिहिलंय. झालंय हे खरं. २००२ साली बगदादच्या डॉक्टरांनी तो प्रयोग छापला. पण तो चाई पडलेल्या रुग्णांवर होता, म्हणजे डोक्यावर गोल, गुळगुळीत चकत्या पडतात त्या आजारावर, आणि रुग्णही थोडेच होते. शिवाय चाई अनेकदा आपोआपही भरून येते. बाळंतपणानंतरच्या गळण्याशी त्याचा काही संबंध नाही. तुमच्या डोक्याची जी आग होते तिच्याशी मात्र कांद्याचा संबंध बहुधा आहे. चिरताना डोळ्यांची जी अवस्था होते, ती करणारी द्रव्यं आठवड्यातून दोनदा, तासभर, टाळूवर बसतात. लिंबाचंही तेच. लिंबाचा रस आपल्या त्वचेच्या मानानं कितीतरी जास्त आंबट, आणि तो लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजून काळे डागही पडू शकतात. काही जणी केसांना खाण्याचा सोडा लावतात, तो तर दुसऱ्या टोकाचा. केसांचा पृष्ठभाग खरखरीत करण्यापलीकडे तो काही करत नाही.

आणि मेथी. मेथी निरुपद्रवी हे आपण गृहीतच धरतो. १९९७ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकात मेथीच्या अ‍ॅलर्जीची नोंद छापली होती. त्यात कोंड्यासाठी डोक्याला मेथीचा लेप लावल्यावर चेहरा सुजून धाप लागल्याचं वर्णन आहे. असं क्वचित होतं, घाबरून मेथीचे लाडू टाकून देऊ नका. पण ज्यांना हरभरा किंवा शेंगदाणा सोसत नाही त्यांनी मेथीपासून जपून राहावं, कारण ही सगळी एकाच कुळातली मंडळी. कुठलाही लेप पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला बोटभर लावून दोन दिवस वाट बघावी, हा नियम दुकानातल्या वस्तूंइतकाच घरातल्या वस्तूंनाही लागू आहे.

अंड्याबद्दल मी भांडणार आहे. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात. केसांवर थापलेल्या अंड्यातलं प्रथिन केसात शिरत नाही, त्याचे कण त्यासाठी फारच मोठे असतात. वर जो पातळ थर बसतो त्यानं केस चार दिवस जाड वाटतात, गरम पाण्यानं धुतलं तर अंडं शिजून केसांत अडकतं आणि वास जात नाही तो वेगळाच. तीच दोन अंडी भाकरीबरोबर तुमच्या पोटात गेली असती तर तुमचं आणि बाळाचंही भलं झालं असतं. 'बाळाला वायू होतो' म्हणून तुमची मटकी, हरभरा, चवळी सगळं बंद आहे असं तुम्ही लिहिलंय. सहा महिन्यांचं बाळ आता स्वतः वरणाचं पाणी आणि मऊ भात चाटायला लागेल, तुमच्या डाळी सुरू करायला काही हरकत नाही. अळीव आपल्याकडे बाळंतिणीला देतात, त्यात लोह भरपूर असतं, ते चालू ठेवा. लिंबू आमटीवर, पालेभाजीवर पिळा, त्यानं लोह अंगी लागतं. चहा मात्र जेवणाला लागून नको.

आता सासूबाई.

"आमच्या वेळी असं नव्हतं" याचा प्रतिवाद करू नका, पण मनातही धरू नका. त्यांच्या वेळी विंचरताना निघालेलं गुंतवळ बायका भिंतीच्या कोनाड्यात साठवून ठेवायच्या आणि केसांवर फुगे नाहीतर भांडी देणारी बाई गल्लीत आली की तिला देऊन टाकायच्या. केसांच्या मोबदल्यात वस्तू मिळण्याइतके केस गळत होतेच की! फरक एवढाच की तेव्हा कोणी मोरीच्या जाळीचा फोटो काढून मैत्रिणींना पाठवत नव्हतं.

त्यांचं तेल मात्र टाकाऊ नाही. उलट, तुमच्या सगळ्या उपायांत मला तेच एक जपण्यासारखं वाटतं, फक्त त्याचं काम काय ते ओळखून. त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असतो, त्याला कशानंही 'पोषण' मिळत नाही. पण त्याची झीज थांबवता येते. खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना, विंचरताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, हे २००३ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात दिसलं. सूर्यफुलाच्या किंवा खनिज तेलात हा गुण आढळला नाही. अभ्यास करणारे संशोधक खोबरेल विकणाऱ्याच कंपनीतले होते हे लक्षात ठेवावं, पण तेलाच्या रेणूंचा आकार पाहता निष्कर्ष पटण्यासारखा आहे. थोडक्यात, तेल नवे केस उगवत नाही, आहेत ते सांभाळतं. हेही काही कमी नाही.

तेल करण्याची त्यांची पद्धत कशी आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण इतर वाचकही विचारतात म्हणून सांगते. ताजी जास्वंदीची पानं-फुलं किंवा माका नुसता तेलात बुडवून बरणी उन्हात ठेवायची पद्धत हल्ली बरीच दिसते. ती नको. पाल्यातलं पाणी तेलात राहतं आणि आठवड्याभरात बुरशी धरते. आपली जुनी पद्धत यापेक्षा फार शहाणी होती. शार्ङ्गधर संहिता या जुन्या आयुर्वेदिक ग्रंथातलं प्रमाण असं: वाटलेल्या पाल्याच्या, म्हणजे कल्काच्या, चौपट तेल आणि तेलाच्या चौपट पाणी किंवा रस. घरच्या मापात ५० ग्रॅम कल्क, २०० ग्रॅम खोबरेल आणि ८०० मिली माक्याचा रस किंवा पाणी. जाड बुडाच्या कढईत, मंद आचेवर, मधूनमधून तळाशी ढवळत, सगळं पाणी आटेपर्यंत. याला दोन-तीन तास सहज लागतात आणि घाई केली की कल्क करपतो. तेल झालं हे ओळखायच्या खुणाही त्यात दिल्या आहेत. तेलावर फेस येतो. कल्काचा कण दोन बोटांत वळला की त्याची वात होते, तुटत नाही. आणि ती वात ज्योतीत धरली तर तडतडत नाही. तडतडली तर पाणी अजून शिल्लक आहे. मला ही परीक्षा फार आवडते. प्रयोगशाळेशिवाय ओलावा मोजायची याहून सोपी युक्ती नाही. मग तेल कोमट असताना सुती कापडातून गाळायचं आणि पूर्ण कोरड्या काचेच्या बाटलीत भरायचं. ओला चमचा घालायचा नाही.

फक्त भीमसेनी कापूर तेवढा बंद करा, आणि तो आजच. कापूर तान्ह्या बाळाला घातक असतो, अगदी थोडा पोटात गेला तरी झटके येऊ शकतात. तुमचं बाळ अंगावर पितं, तुमचे केस मुठीत धरतं, मूठ तोंडात घालतं. सासूबाईंना हे 'तेल वाईट आहे' असं न सांगता 'बाळासाठी कापूर नको' असं सांगा. नातवाचं नाव निघालं की त्या स्वतःच डबीतला कापूर देवघरात नेऊन ठेवतील.

दुसरी गोष्ट कोंड्याची. टाळूवर राहणारी एक बुरशी तिथल्या स्निग्धतेवर जगते आणि कोंडा बहुतेक वेळा तिच्यामुळेच होतो. रोज रात्री तेल म्हणजे तिला रोज जेवण. 'डोकं कोरडं पडलंय म्हणून कोंडा होतोय, तेल वाढवा' हा आपल्याकडचा सार्वत्रिक समज बऱ्याचदा उलटा पडतो. तेव्हा कोंडा जाईपर्यंत तेल टाळूला न लावता कानाखालच्या लांबीला, तेही न्हाण्याआधी तासभर. सासूबाईंनी वेणीला तेल चोळून द्यायचं काम चालूच राहू दे. दिवसभर बाळ कडेवर असलेल्या बाईला दुसऱ्या कोणी तरी पाच मिनिटं हात लावणं ही सुद्धा गरजच असते.

तिसरी, न्हाण्याची. धुतल्यावर केस गळतात म्हणून तुम्ही न्हाणं आठवड्यावर नेलंय. पण धुताना निघतात ते केस आधीच सुटलेले असतात. दिवसाला शंभर सुटत असतील तर सातव्या दिवशी जाळीवर सात दिवसांचे एकदम दिसतात आणि जीव दडपतो. दोन-तीन दिवसांनी धुवा, पुंजका लहान दिसेल.

धुवायचं कशानं? इथं तुमच्या 'नैसर्गिक की केमिकल' या प्रश्नावर माझं उत्तर सरळ आहे: टाळूची आग होत असताना काही आठवडे साधा, सौम्य शांपू. चमचाभर, मगभर पाण्यात कालवून, फक्त टाळूला. कांदा, लिंबू, दही, अंडं, मेथी सगळं बंद. महिनाभर काही न लावणं हाच तुमच्यासाठी सध्या सर्वांत नैसर्गिक उपाय आहे. तेवढ्यानं कोंडा हटला नाही तर कीटोकोनॅझोल या बुरशीनाशकाचा शांपू मिळतो. तो डॉक्टरांना विचारून, तुम्ही अंगावर पाजताय हे सांगून घ्या. त्याचं 'चक्र' वगैरे काही नसतं. काही आठवडे वापरायचा, कोंडा आटोक्यात आला की कमी करायचा.

त्यानंतर मन असेल तर शिकेकाईकडे खुशाल वळा. मूठभर शिकेकाई, चार-पाच रिठे बिया काढून, थोडी आवळकाठी, रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी उकळून, कुस्करून, फडक्यातून गाळून घ्यायची. गाळणं महत्त्वाचं, कारण नुसती पूड लावली की तिचा रवा केसांच्या मुळाशी अडकून दोन दिवस डोक्यातून गळत राहतो. हे पाणी त्याच दिवशी वापरायचं. रिठा डोळ्यांत गेला तर आग नुसती आग राहत नाही, बुबुळाला इजा होऊ शकते, म्हणून मान मागे टाकून धुवा आणि बाळाला जवळ बसवून तर मुळीच नको. भरपूर तेल शिकेकाईनं निघत नाही, म्हणून त्या दिवशी तेल बेताचं. आणि हो, 'शिकेकाई साबण' ही निराळी वस्तू आहे. साबण तो साबणच. तुमच्याकडे बोअरचं जड पाणी असेल तर त्याचा पांढरट थर केसांवर बसतो आणि केस काथ्यासारखे होतात.

केस मऊ राहावेत म्हणून घरी करण्यासारखं जे आहे ते बहुतेक बुळबुळीत वर्गातलं आहे. जास्वंदीची पानं पाण्यात कुस्करून निघणारा चिकट रस, किंवा जवसाची जेल. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात उकळायचं, पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं तार धरायला लागलं की गॅस बंद आणि गरम असतानाच गाळायचं. थंड झालं की ते फडक्यातून उतरत नाही, पिळून पिळून मनगटं दुखतात. फ्रीजमध्ये चार-पाच दिवस, वास बदलला की फेकून द्यायचं. कुरळ्या केसांना ही जेल छान मानवते. कोरफड वापरणाऱ्यांनी पान कापून देठाकडची बाजू खाली करून दहा-पंधरा मिनिटं उभं ठेवावं. पिवळा चीक गळून जाऊ द्यावा, खाजवतो तो तोच. एरंडेल एकटं, घट्ट, भरपूर लावू नये. त्यानं लांब केसांचा एका न्हाण्यात सुटता न सुटणारा गुंता झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत, आणि आपल्याकडे अशा जटेला देवीचं बोलावणं समजून बायका वर्षानुवर्षं ओझं वागवतात, हे अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या (अंनिसच्या) कार्यकर्त्यांना विचारा.

मेंदीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण याच विषयावरच्या इतर पत्रांत ती हमखास असते. खरी मेंदी केसांना तांबूस रंग देते, काळा नाही. लोखंडी कढई, आवळा आणि चहाच्या पाण्यानं ती गडद होते इतकंच. 'काळी मेंदी' म्हणून जी पुडी अर्ध्या तासात केस कुळकुळीत काळे करते तिच्यात बहुतेकदा पीपीडी हा रासायनिक रंग असतो, आणि पुडीवर पानाचं चित्र असलं म्हणून त्याची अ‍ॅलर्जी कमी होत नाही. मागची बारीक अक्षरं वाचा.

तेल विकण्याबद्दल थोडक्यात. मैत्रिणीला बाटली भरून भेट देणं वेगळं आणि विकणं वेगळं. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन बनवायला औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना लागतो, आणि 'केसगळती थांबते' असं म्हणायला लागलात की ते औषधाच्या प्रांतात जातं. तुमचे स्वतःचे केस परत यायच्या बेतात असताना हा धंदा सुरू झाला तर जाहिरात जोरदार होईल, यात शंका नाही. पण ती खरी नसेल. बाळ मोठं होऊ दे, सासूबाईंना हौस असेल तर रीतसर परवाना काढून करा, आणि बाटलीवर 'केस मऊ राहतात' एवढंच लिहा.

"किती वाट बघू" याचं उत्तर: बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत. त्याआधी त्वचारोगतज्ज्ञांकडे जावं लागेल ते अशा वेळी: डोक्यावर गोल गुळगुळीत चकती दिसली, टाळूवर फोड किंवा पू आला, किंवा कपाळाऐवजी भांगाची रेघच दिवसेंदिवस रुंद व्हायला लागली. शेवटचा प्रकार बहुधा आनुवंशिक असतो, आपोआप थांबत नाही, आणि त्यावर मिनॉक्सिडिलसारखी औषधं आहेत. त्याला जितका उशीर तितकं नुकसान, आणि घरगुती उपायांनी सर्वांत जास्त घात होतो तो याच बायकांचा, कारण त्या तीन-चार वर्षं 'गुण यायला वेळ लागतो' म्हणत थांबतात. आई, मावशी, आत्या यांचा भांग आठवून बघा.

कपाळाशी सध्या बोटभर, उभे राहणारे, बेशिस्त केस दिसत असतील तर त्यांना तेलानं चापूनचोपून बसवू नका, आणि अंबाडाही ओढून घट्ट घालू नका. ते नवे आलेले केस आहेत.

रविवारचे लेपाचे तीन तास मोकळे झाले की ते झोपेला द्या. बाळाला तेवढा वेळ बाबांनी सांभाळायचं. "डॉक्टरला दाखव" म्हणणाऱ्याला एवढं काम सांगायला हरकत नाही. आणि सध्या इतके केस गळताहेत म्हणून एक सवय घरातल्या सगळ्यांना लावा: बाळाला न्हाऊ घालताना त्याच्या हातापायांची बोटं एकेक करून बघायची, मोजे-झबली उलटी करून झटकायची. आईचा गळलेला लांब केस बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जाऊन आवळतो, आणि तो इतका बारीक असतो की सूज आल्यावर दिसतही नाही. बाळ उगाच किंचाळत असेल आणि एखादं बोट लाल-निळं, सुजलेलं दिसलं तर घरी कात्रीनं खटपट करत न बसता तडक डॉक्टरांकडे घेऊन जा.